आधी चाकं बघा, नाव मागाहून

मोनिनोला गेलेल्या पाहुण्याची पहिली फजिती ठरलेली असते. मॉस्कोच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर, एका जुन्या लष्करी विमानतळावर सोव्हिएत हवाई दलाने १९५८ मध्ये हे संग्रहालय थाटलं. बरीचशी विमानं उघड्यावर, गवतात उभी. ऊन, पाऊस, बर्फ, सगळं अंगावर घेत. बहुतेक चंदेरी नाहीतर फिकट करडी, शेपटीवर लाल तारा, आणि पाट्या रशियन. मग नवखा माणूस विमानाच्या नाकाशी रंगवलेला भला मोठा ‘२३’ वाचतो आणि सोबतच्यांना ऐटीत सांगतो, “हे बघा, मिग-२३!”

तो आकडा विमानाच्या जातीचा नसतोच. तुकडीतल्या विमानांना ओळखीसाठी दिलेला तो क्रमांक, बहुतेकदा दोन आकडी. रंगही तुकडीप्रमाणे बदलतो : लाल, निळा, पिवळा, पांढरा. शेजारच्या तुकडीतही एक ‘२३’ असतोच, आणि तो एखाद्या हेलिकॉप्टरच्या अंगावरही सापडू शकतो. तेव्हा आकडा सोडा आणि खाली वाका. सोव्हिएत विमान ओळखायचं तर सुरुवात चाकांपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. या विमानांनी कच्च्या, चिखलाच्या, बर्फाच्या धावपट्टीवरूनही उडावं अशी अपेक्षा होती. ती अपेक्षा पोटाखाली जेवढी दिसते तेवढी पंखांवर दिसत नाही.

लढाऊ विमानाला मडगार्ड

मिग-२३, मिग-२९, सुखोई-२७ यांच्यापैकी कुठलंही समोर असेल तर पुढचं चाक निरखून बघा. त्याला चक्क मडगार्ड आहे. ताशी दोन हजार किलोमीटरच्या पुढे पळणाऱ्या यंत्राला मडगार्ड कशाला? तर पुढच्या चाकाने उडवलेला चिखल, खडे आणि बर्फ इंजिनाच्या तोंडात जाऊ नये म्हणून. जेट इंजिनाच्या पात्यांना एक खडाही महागात पडतो.

मिग-२९ तर याही पुढचं. धावपट्टीवर पळताना त्याच्या इंजिनांची मुख्य तोंडं झडपांनी बंद होतात आणि इंजिनं पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेल्या फटींमधून हवा घेतात. विमान हवेत गेलं की झडपा उघडतात. या फटी दिसल्या की शंका घेऊ नका. पुणेकरांना हे विमान नवं नाही. भारताने १९८७ मध्ये मिग-२९ घेतली तेव्हा ती आधी लोहगावलाच आली. नौदलाच्या मिग-२९के मध्ये मात्र या फटी काढून टाकल्या आणि त्या जागेत जादा इंधन भरलं. विमानवाहू जहाजाच्या डेकवर चिखल कुठला असायला!

आता इल्युशिन-७६ या अवाढव्य मालवाहू विमानाची चाकं मोजा. पुढे ४ आणि मागे १६, एकूण २०. वजन जितक्या चाकांवर वाटलं जाईल तितकी मऊ जमीन कमी खचते, असा साधा हिशेब. टायरमधली हवा उडता उडता कमी-जास्त करायची सोयही त्यात आहे. उतरायची जमीन कशी आहे त्याप्रमाणे दाब ठरवायचा. भारतीय हवाई दलात या विमानाचं नाव ‘गजराज’. नागपूरच्या सोनेगावला एके काळी त्याचा मुक्काम होता.

मिग-२३ ची आणखी एक गंमत. त्याच्या शेपटीखाली एक उभं पातं आहे, वेगात विमान स्थिर राहावं म्हणून. पण ते इतकं लांब की उतरताना जमिनीला घासलं असतं. म्हणून चाकं बाहेर आली की ते पातं आपोआप उजवीकडे दुमडतं. संग्रहालयात विमान चाकांवर उभं असतं, म्हणजे ते दुमडलेलंच दिसणार. अनेक जण त्याला मोडलेलं समजून हळहळतात. मिग-२७ हा याचाच भाऊ, फक्त नाक वेगळं. जमिनीवरची लक्ष्यं टिपणाऱ्या या विमानाला मिग-२३ चं मोठं रडार नको होतं, म्हणून नाक पुढून उतरतं आणि चपटं केलं, वैमानिकाला खालचं नीट दिसावं. आपल्याकडे याचं नाव ‘बहादूर’. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ती बांधली गेली आणि २७ डिसेंबर २०१९ ला जोधपूरला निवृत्त झाली.

चाकांच्या गोष्टी जुन्या विमानांतही आहेत. १९३३ मध्ये पहिल्यांदा उडालेलं पोलिकार्पोव्ह आय-१६ हे चाकं पोटात घेणाऱ्या पहिल्या लढाऊ विमानांपैकी एक. पण चाकं आत घ्यायची कशी? वैमानिकाने हँडल फिरवायचं, ४४ वेळा. एक हात दांड्यावर, दुसरा हँडलवर. उड्डाणानंतर थोडा वेळ विमान डुलताना दिसायचं ते त्यामुळे.

आणि एकाला तर चाकांऐवजी घसरपट्ट्याच आहेत. मिग-१०५ हे अंतराळात जाऊन परतणाऱ्या विमानाच्या तयारीतलं प्रायोगिक यान. १९७६ मध्ये ते उडालं, पुढे तू-९५ या बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली लटकवून हवेत सोडून त्याच्या चाचण्या झाल्या. नाक वर वळलेलं असल्याने त्याला टोपणनाव पडलं ‘लापोत’, म्हणजे झाडाच्या सालीपासून विणलेला रशियन शेतकऱ्याचा जोडा. अंतराळाची स्वप्नं बघणाऱ्यांनी हे नाव ठेवावं यातच काय ते आलं.

तुपोलेवची सही

पंखाच्या मागच्या कडेतून बाहेर आलेली लांबट, टोकदार पेटी दिसली की बिनधास्त ‘तुपोलेव’ म्हणा. तू-१६, तू-९५, तू-२२, इतकंच काय, प्रवासी तू-१३४ आणि तू-१५४ यांनाही ती आहे. पंख बारीक, त्यात चार-सहा चाकांचा गाडा मावणार कसा? मग चाकं मागच्या बाजूला उलटी वळून या पेटीत जातात. तू-२२एम ला मात्र ही पेटी नाही. नाव तू-२२ चं घेतलं असलं तरी ते जवळजवळ नवंच विमान आहे.

खुद्द तू-२२ चं रूप विचित्र. दोन्ही इंजिनं शेपटीच्या बुंध्याशी, वरच्या अंगाला बसवलेली. त्यातल्या कर्मचाऱ्यांची आसनं संकटात वर नव्हे तर खाली फेकली जायची. म्हणजे विमान उंचावर असेल तर ठीक, उड्डाण करताना किंवा उतरताना काही बिघडलं तर देवाचं नाव घ्यायचं. हे असूनही ते माणसांत लोकप्रिय का होतं, याचं उत्तर त्याच्या वातानुकूलन यंत्रणेत आहे. त्यात शेकडो लिटर अल्कोहोल-पाण्याचं मिश्रण असायचं. ते जमिनीवर कुठे मुरायचं हे सांगायला नको. सैनिकांनी विमानाचं बारसं केलं : ‘स्वनातीत दारूवाहक’.

कुंपणं मोजा

मिग-१५, मिग-१७ आणि मिग-१९ लांबून एकाच आईची लेकरं वाटतात. नाकालाच हवेचं तोंड, मागे झुकलेले पंख. इथे एक सोपी युक्ती. पंखांच्या वरच्या बाजूला पुढून मागे जाणाऱ्या छोट्या उभ्या पट्ट्या असतात. मागे झुकलेल्या पंखावरून हवा टोकाकडे सरकू लागते, ती अडवायला बांधलेली ही कुंपणं. एका पंखावर दोन कुंपणं असतील तर मिग-१५, तीन असतील तर मिग-१७, आणि एकच पण उंच दांडगं असेल तर मिग-१९. खात्री करायची तर मागे जा. मिग-१९ ला इंजिनं दोन, म्हणून धुराडीही दोन.

मिग-१५ च्या पोटात तर ब्रिटिश वारसा आहे. १९४६ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने रोल्स-रॉइसची नीन इंजिनं सोव्हिएत संघाला विकायला परवानगी दिली. रशियनांनी त्यांची नक्कल केली, ती नव्या लढाऊ विमानात बसवली, आणि ३० डिसेंबर १९४७ ला मिग-१५ आकाशात गेलं. तीन वर्षांत कोरियावर तेच इंजिन ब्रिटनच्या मित्रांच्या विमानांशी झुंजत होतं.

आपल्या ओळखीचं मिग-२१

भारतीय माणूस कुठल्याही संग्रहालयात मिग-२१ समोर जरा जास्तच रेंगाळतो. साहजिक आहे. १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला झालेल्या निरोपापर्यंत ते आपल्या हवाई दलात होतं, आणि त्यातली शेकडो ओझरला बांधली गेली. जगभरात १०,००० हून जास्त मिग-२१ निघाली. स्वनातीत लढाऊ विमानांत इतकी कुणाचीच नाहीत.

त्यामुळे ‘हे मिग-२१’ एवढं सांगून भागत नाही, कुठलं ते सांगावं लागतं. सुरुवातीच्या विमानात नाकापुढे आलेली वेग मोजणारी लांब नळी तोंडाच्या खालच्या ओठाला असते, नंतरच्यांत ती वर गेली. सुरुवातीला काचेची टोपी पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, समोरच्या काचेसकट उचलली जाणारी. पुढे समोरची काच पक्की झाली आणि टोपी कडेला उघडू लागली. आणि पाठ बघा. पहिल्या विमानाची पाठ बारीक. मग तिच्यात उपकरणं आणि इंधन भरत गेले आणि पिढीगणिक पाठ फुगत गेली. सगळ्यांत जाड पाठ ‘एसएमटी’ प्रकाराची, शेवटच्या ‘बिस’ मध्ये ती पुन्हा जरा कमी झाली. नाकातला शंकूही असाच मोठा झाला, कारण आतलं रडार वाढलं.

फसवणारे दोघे आहेत. सुखोई-९ ला तसाच त्रिकोणी पंख आणि तसंच नाक, फक्त अंगाने थोराड. सुखोई-७ चं नाकही तसंच, पण पंख त्रिकोणी नाहीत, मागे झुकलेले आहेत. १९७१ च्या युद्धात आपल्या सुखोई-७ नी पाकिस्तानी रणगाडे आणि तळ झोडपले होते, तेव्हा जुन्या मंडळींना हा फरक पाठ असतो.

कुठल्याही मिगच्या कॉकपिटमध्ये डोकवायला मिळालं तर दोन गोष्टी शोधा. आतला निळसर हिरवा रंग, आणि समोरच्या फलकावर मधोमध ओढलेली पांढरी उभी रेघ. विमान गरगरत खाली जायला लागलं आणि वैमानिकाची दिशा हरवली, तर दांडा त्या पांढऱ्या रेघेकडे ढकलायचा. घाबरलेल्या माणसाला पुस्तकातलं काही आठवत नाही, रेघ दिसते.

एसटीचा पत्रा आणि आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेग

मिग-२५ च्या बाजूला उभं राहा आणि अंगावरचे रिव्हेट बघा. काही ठिकाणी ते पत्र्यात बुडवून सपाट केलेले आहेत, तर काही ठिकाणी एसटीच्या जुन्या गाडीला असायचे तसे गोल डोक्याचे, खुशाल वर आलेले. जिथे वाऱ्याचा अडथळा वाढणार नाही तिथे घासूनपुसून गुळगुळीत करण्यात वेळ का घालवा? मला विचाराल तर सोव्हिएत अभियांत्रिकीचं सगळं शहाणपण त्या रिव्हेटच्या डोक्यात आहे.

६ सप्टेंबर १९७६ ला व्हिक्टर बेलेंको नावाचा सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला आणि धावपट्टी संपली तरी पुढे घसरत गेला. पश्चिमेचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं या विमानाच्या धसक्यात होते. खोलून बघितलं तर अंग मुख्यतः निकेलमिश्रित पोलादाचं, वेल्डिंग केलेलं, आणि रडारमध्ये जुन्या रेडिओत असतात त्या काचेच्या व्हॉल्व्ह. आधी हसले, मग विचारात पडले. इतक्या वेगाला पत्रा तापतो, ॲल्युमिनियम नरम पडतं, टायटॅनियम घडवायला अवघड आणि महाग. पोलादाने काम भागलं. विमान जपानने परत केलं, पण सुटे भाग करून, पेट्यांत भरून.

भारताने १९८१ पासून टेहळणीसाठी हे विमान वापरलं. नाव ‘गरुड’, ठिकाण बरेली, निवृत्ती २००६.

चौथ्या विमानाने चोरी उघडी पाडली

मोनिनोत उभं असलेलं तू-४ बघून अमेरिकन पाहुणे हमखास चक्रावतात. हे तर त्यांचं बी-२९! १९४४ मध्ये जपानी ठिकाणांवर बॉम्बहल्ले करून परतताना अडचणीत आलेली तीन बी-२९ व्लादिव्होस्तोकजवळ उतरली. तेव्हा सोव्हिएत संघ जपानशी तटस्थ होता, त्यामुळे विमानं अडकवून ठेवली गेली. कर्मचारी यथावकाश इराणमार्गे निसटले, विमानं राहिली. स्तालिनने विमानरचनाकार तुपोलेवला फर्मान काढलं : हुबेहूब बनवा.

हुबेहूब म्हणजे डोकेदुखी. अमेरिकन पत्रा इंचाच्या मापात, रशियन कारखाने मिलिमीटरमध्ये. नेमकी तेवढ्या जाडीची पत्र्याची चादर मिळेना. कुठे थोडी जाड, कुठे थोडी पातळ घ्यावी लागली, आणि प्रत्येक ठिकाणी वजन आणि मजबुतीचा हिशेब नव्याने मांडावा लागला.

३ ऑगस्ट १९४७ ला मॉस्कोजवळ तुशिनोच्या संचलनात तीन मोठी विमानं डोक्यावरून गेली. परदेशी पाहुणे म्हणाले, ही तर आमचीच तीन. मग चौथं आलं, त्याच घाटाचं पण प्रवासी बांध्याचं. गणित चुकलं आणि सगळ्यांना कळलं. तू-४ आणि बी-२९ वेगळी ओळखायची तर बंदुकांकडे बघा. अमेरिकन बंदुका बारीक नळीच्या, रशियनांनी त्या जागी जाडजूड २३ मिलिमीटरच्या तोफा बसवल्या.

अशा संचलनांवर विश्वास ठेवू नये हा धडा मात्र अमेरिकनांना उशिरा मिळाला. १९५५ मध्ये त्याच तुशिनोवरून म्यासिश्चेव्हची एम-४ ही मोठी बॉम्बफेकी विमानं गेली आणि बघणाऱ्यांनी संख्या मोजून घाम पुसला. गेलेलीच विमानं वळसा घालून पुन्हा आली होती. या विमानाची चाकं पोटाखाली सायकलच्या घाटाने, एकामागे एक, आणि पंखांच्या टोकांना आधाराची छोटी चाकं. उड्डाणाच्या वेळी पुढची चाकं उचलून विमानाचं नाक वर करायची. त्याच म्यासिश्चेव्हचं एम-५० सुद्धा इथे आहे, पंखांच्या अगदी टोकांना एकेक इंजिन घेऊन. १९५८ च्या डिसेंबरमध्ये एका नामांकित अमेरिकन नियतकालिकाने सोव्हिएत अणुशक्तीवर उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानाची चित्रासकट बातमी दिली होती. त्यातलं रूप बरंचसं याचंच निघालं. अणुभट्टी मात्र कुठेच नव्हती.

डावं की उजवं?

हेलिकॉप्टरांत सगळ्यांत जास्त गोंधळ मि-८ आणि मि-१७ चा. धड सारखंच, दारं सारखीच. हेलिकॉप्टरच्या मागे जाऊन त्याच्याच दिशेने तोंड करून उभे राहा. शेपटीचा छोटा पंखा उजव्या हाताला असेल तर मि-८, डाव्या हाताला असेल तर मि-१७. बस्स, एवढंच. कामोव्हच्या बहुतेक हेलिकॉप्टरांना शेपटीचा पंखाच नसतो. वरचे दोन पंखे एकावर एक, उलट दिशांना फिरणारे. गोव्याला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात कामोव्ह-२५ बघायला मिळतं.

आणि मोनिनोतलं व्ही-१२ ओळखायला कुठलीच युक्ती लागत नाही. दोन्ही बाजूंना पंख, प्रत्येक पंखाच्या टोकाला एक अजस्र पंखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत ६७ मीटर. पंखही उलटे : धडाशी अरुंद, टोकाकडे रुंद. ६ ऑगस्ट १९६९ ला याने ४४,२०५ किलो वजन २,२५५ मीटर उंचीवर नेलं. आजवर कुठल्याही हेलिकॉप्टरला ते जमलेलं नाही. बांधली गेली दोनच.

काचेचं नाक

मालवाहू विमानाच्या नाकाला काचेची खोली असेल तर ते जवळपास हमखास सोव्हिएत. त्यात दिशादर्शक बसायचा आणि खालची नदी, रेल्वे बघून वाट ठरवायचा. शेपटीला तोफचीची जागा असेल तर बहुधा लष्करी. अन्तोनोव्ह-१२ ला दोन्ही आहेत. आपल्या हवाई दलाने १९७१ मध्ये या बिचाऱ्या मालवाहू विमानाच्या मागच्या दारातून बॉम्ब ढकलून शत्रूवर हल्ले केले होते.

मग याक-३८. वैमानिकाच्या पाठीमागे वरच्या बाजूला मोठं झाकण दिसलं तर तेच. त्याखाली फक्त विमान सरळ वर उचलण्यासाठी दोन छोटी इंजिनं आहेत. एक जरी बंद पडलं तर विमान क्षणात कलंडणार, म्हणून ठरावीक कोनापलीकडे झुकताच वैमानिकाला न विचारता आसन बाहेर फेकलं जायचं. ही विमानं ज्या जहाजांवर असत त्यांतलं एक ‘बाकू’, पुढचं ‘अ‍ॅडमिरल गोर्श्कोव्ह’. तेच आज आपलं ‘आयएनएस विक्रमादित्य’ आहे.

शेवटी तू-९५ च्या घराण्याबद्दल, कारण त्यासाठी मॉस्को गाठायची गरज नाही. चार इंजिनं, प्रत्येकावर उलट फिरणारे दोन प्रोपेलर, प्रत्येकाला चार पाती : मोजा, ३२ भरतात. प्रोपेलरचं विमान असून पंख जेटसारखे मागे झुकलेले, आणि वेग ताशी ९०० किलोमीटरच्या घरात. पात्यांची टोकं आवाजाहून वेगाने फिरतात, त्यामुळे गोंगाट असा की कुणाला झोप लागू नये. त्याचं नौदलातलं भावंड तू-१४२ शेपटीच्या शेंड्यावरून मागे आलेल्या लांब दांडीने ओळखावं. पाण्याखालच्या पाणबुडीच्या पोलादाने चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल ती दांडी टिपते. भारताने अशी आठ विमानं घेतली, १९८८ मध्ये ती गोव्याला दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’वर आली आणि १९९२ मध्ये अरक्कोणमला हलली. २०१७ मध्ये निवृत्त झालेल्यांपैकी एक विशाखापट्टणमच्या बीच रोडवर उभं आहे, आणि तिकीट काढून त्याच्या पोटातून फिरता येतं.